रात्रीच्या रस्त्यावर रोजडे वेळेत दिसावेत म्हणून: मालवाहू गाडीसाठी जादा दिवे कसे निवडावेत आणि कसे बसवावेत

इंदूरहून रात्री मालवाहू गाडी कोणत्याही दिशेने काढली, तरी थोड्याच वेळात शेतांचा किंवा जंगलाचा पट्टा लागतो. खंडव्याच्या रस्त्यावर सिमरोल ओलांडले की भेरूघाट आणि चोरलचे जंगल सुरू होते. नेमावर-हरद्याकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४७ वर कन्नौद-खातेगावच्या बाजूला खिवनी अभयारण्याचा परिसर आहे. देवास-शाजापूरच्या बाजूला दाट जंगल नसले, तरी गव्हा-हरभऱ्याच्या शेतांमध्ये नीलगाईंचे, म्हणजे आपल्याकडे सगळे ज्यांना रोजडे म्हणतात त्यांचे, आणि काळविटांचे कळप असतात. शास्त्रीय दृष्टीने हरीण म्हणावे ते चितळ आणि सांबर. नीलगाय आणि काळवीट हे कुरंग (अँटिलोप). गाडीच्या चालकाला मात्र या सगळ्यांचाच धोका आहे, आणि त्यातही नीलगाईचा सर्वांत जास्त, कारण पूर्ण वाढलेला नर २०० किलोच्या पुढे जातो आणि खांद्यापाशी १२० ते १५० सेंटिमीटर उंच असतो. पिकअपच्या तोंडाला तो धडकला, तर त्याचे धड थेट समोरच्या काचेच्या उंचीवर येते. सपाट तोंडाच्या ट्रकमध्ये चालक आणि जनावर यांच्यात पत्र्याचे एक पातळ आवरण आणि काच एवढेच उरते.

यावर उपाय म्हणून बहुतेक मालक जादा दिवे बसवून घेतात. हे दिवे उपयोगी पडतात, असे माझे ठाम मत आहे; पण कोणते, किती, कुठे आणि कशा जोडणीने, याचा विचार न करता बसवलेले दिवे समोरच्या चालकाला आंधळे करतात आणि आपल्यालाही फारसे काही दाखवत नाहीत. म्हणून दुकानात जाण्याआधी कागदावर थोडा हिशेब करावा.

थांबायला किती अंतर लागते

जनावर दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत जागरूक चालकालाही रात्री सुमारे २ सेकंद लागतात, असे धरावे. भरलेल्या मालवाहू गाडीचा वेग कोरड्या डांबरी रस्त्यावर दर सेकंदाला साधारण ४ मीटर प्रतिसेकंद या दराने कमी होतो, असे मानले तर ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सुमारे ३८ मीटरमध्ये, ६० च्या वेगाने जाणारी ६८ मीटरमध्ये आणि ८० च्या वेगाने जाणारी १०६ मीटरमध्ये थांबते. वेग दुप्पट झाला, पण अंतर जवळजवळ तिप्पट झाले, हे येथे ध्यानात घ्यावे. रस्ता ओला असेल किंवा टायर घासलेले असतील, तर ६० च्या वेगालाही ८५ ते ९० मीटर लागू शकतात.

आता दुसरी बाजू. चांगल्या स्थितीतील हेडलाइट डिपरवर असताना गडद रंगाची, न चमकणारी वस्तू साधारण ४० ते ६० मीटरवर ओळखू येते, तर अप्परवर १०० मीटर किंवा थोडी अधिक. म्हणजे डिपरवर ६० च्या वेगाने जाणारा चालक आपल्या दिव्याच्या पलीकडे गाडी हाकत असतो. केंद्र सरकारच्या २०१८ च्या अधिसूचनेने मालवाहू गाड्यांची कमाल वेगमर्यादा दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर ८० आणि इतर रस्त्यांवर ६० ठेवली आहे. तेव्हा आपले उद्दिष्ट असे ठरवावे की दुपदरी रस्त्यावर निदान १०० मीटरपर्यंत आणि चौपदरीवर निदान १५० मीटरपर्यंत रस्ता व त्याच्या दोन्ही कडा स्पष्ट दिसाव्यात. याहून लांब फेकणारा दिवा केवळ मिरवायला होतो. त्याची किंमत मोजण्याचे कारण नाही.

जनावर दिव्यात कसे दिसते

चितळ, सांबर, नीलगाय या सर्वांच्या डोळ्यांत दृष्टिपटलामागे प्रकाश परावर्तित करणारा थर असतो, त्यामुळे दिवा पडला की डोळे चमकतात. चालक याच चमकेवर विसंबतात, आणि तेथेच फसगत होते. ही चमक आलेल्या वाटेनेच, म्हणजे दिव्याच्या दिशेने, परत जाते. मोटारीचा चालक आपल्या दिव्यांच्या थोडाच वर बसलेला असतो, तर ट्रकचा चालक दीड मीटर वर. म्हणून ट्रकवाल्याच्या वाट्याला ही चमक कमी येते. शिवाय डिपरच्या झोताची वरची कड खालीच कापलेली असते आणि नीलगाईचे डोळे त्या कडेच्या बरेच वर असतात. शेताकडे तोंड करून उभ्या असलेल्या जनावराचे डोळे तर दिसतच नाहीत.

नर नीलगाईचा रंग निळसर करडा, जवळजवळ डांबरासारखाच. डिपरच्या प्रकाशात त्याचे धड दिसण्याआधी दिसतात ते खुरांच्या वरचे पांढरे पट्टे: जमिनीपासून वीतभर उंचीवर, चालता चालता मागेपुढे होणारे पांढरे ठिपके. ज्यांनी या रस्त्यांवर वर्षानुवर्षे गाडी चालवली आहे, ते चालक नवीन मुलांना रस्त्याच्या कडेला खाली पाहायला शिकवतात, ते यासाठीच. दिवे निवडतानाही हेच लक्षात ठेवावे. रस्त्याच्या मधोमध दूरवर पडणारा अरुंद झोत जनावर रस्त्यावर आल्यावर ते दाखवतो. कडेच्या गवतातून, नालीतून, कुंपणातून बाहेर पडणारे जनावर दाखवायला आडवा पसरलेला झोत लागतो. आपल्याला या दोन्हींचा मेळ हवा आहे.

आधी आहेत ते हेडलाइट पाहावेत

नवीन खरेदीच्या आधी जुन्या दिव्यांवर एक तास घालवावा. प्लास्टिकची काच उन्हाने पिवळी पडली असेल, तर बाहेर पडणारा प्रकाश बराच घटतो आणि उरलेला विखुरतो. अशी काच घासून पॉलिश करून घ्यावी किंवा बदलावी. परावर्तकाचा मुलामा उडाला असेल, तर दुसरा इलाज नाही, पूर्ण दिवाच बदलावा. हॅलोजनचा एच४ बल्ब १२ व्होल्टच्या गाडीत ६०/५५ वॅटचा आणि २४ व्होल्टच्या ट्रकमध्ये ७५/७० वॅटचा असतो, आणि तो व्होल्टेजच्या बाबतीत फार नाजूक असतो: वायरिंगमध्ये ७ टक्के व्होल्टेज पडले, तर प्रकाश सुमारे २० टक्क्यांनी कमी होतो. इंजिन चालू ठेवून मल्टीमीटरने एकदा बॅटरीवर आणि एकदा बल्बच्या टोकांवर व्होल्टेज मोजावे. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक आला, तर गंजलेले अर्थिंग, सैल थिंबल (वायरीच्या टोकावरची धातूची टोपी) किंवा बारीक वायर यांचा शोध घ्यावा. कित्येक गाड्यांमध्ये एवढ्यानेच इतका फरक पडतो की मालक जादा दिव्यांचा विचार पुढे ढकलतो, आणि मला त्यात काही वावगे वाटत नाही.

हॅलोजनच्या परावर्तकात स्वस्त एलईडी बल्ब खोचण्याचा मोह मात्र टाळावा. परावर्तकाचा आकार बारीक तारेच्या नेमक्या जागेसाठी घडवलेला असतो. एलईडीची चकती त्या जागी बसली नाही की डिपरची कड फाटते. जवळचा रस्ता लख्ख दिसतो, दूरचा अंधारात राहतो आणि समोरच्याच्या डोळ्यांत प्रकाश जातो.

कायद्याची चौकट

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १११ प्रमाणे गाडीच्या पुढच्या बाजूला स्पॉटलाइट किंवा सर्चलाइट बसवण्यास मनाई आहे. अपवादात्मक परिस्थितीत नोंदणी प्राधिकरणाच्या मंजुरीनेच तो बसवता येतो. नियम १०६ प्रमाणे पुढचा प्रकाश समोरच्या माणसाचे डोळे दिपणार नाहीत अशा रीतीने खाली वळवलेला असावा किंवा चालकाला तो तसा वळवता यावा. गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ ने बंधने घातली आहेत, आणि त्याच आधारावर डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना लिहून बंपरपुढच्या लोखंडी गार्डांवर कारवाई करण्यास सांगितले होते. म्हणून दिवे बसवण्यासाठी आधी गार्ड बसवणे, हा क्रम मुळातच चुकीचा आहे. कंपनीने आपल्या मॉडेलसाठी दिलेल्या फॉग लॅम्पच्या जागा आणि मंजूर प्रकारचे दिवे, एवढ्यात काम भागवावे. त्यापलीकडे काही करायचे असल्यास इंदूरच्या नायता मुंडला येथील आरटीओ कार्यालयात लेखी विचारणा करून मगच हात घालावा. टपावरच्या दिव्यांच्या पट्टीची शिफारस मी कोणालाही करत नाही. जंगलाच्या हद्दीत रात्री असा झोत फिरवणारी गाडी वनरक्षकाला शिकाऱ्याची वाटली, तर त्याला दोष देता येणार नाही.

दिव्याची निवड

दुकानदार वॅट आणि ल्युमेनचे आकडे सांगतो. वॅट म्हणजे दिवा किती वीज खातो, आणि ल्युमेन म्हणजे सर्व दिशांना मिळून किती प्रकाश बाहेर पडतो. तो रस्त्यावर कुठे पडतो, हे या दोन्हींतून कळत नाही. आपल्याला हवा असलेला आकडा कँडेलाचा, म्हणजे एका दिशेतील तीव्रतेचा. त्यावरून हिशेब सोपा आहे: कँडेलाला अंतराच्या वर्गाने भागले की त्या अंतरावर पडणारे लक्स, म्हणजे तेथे पडलेल्या उजेडाचे माप, मिळतात. दोन दिव्यांचे मिळून ४०,००० कँडेला असतील, तर १०० मीटरवर ४ लक्स आणि २०० मीटरवर केवळ १ लक्स प्रकाश पडेल. पौर्णिमेच्या चांदण्याचा प्रकाश पाव लक्सच्या आसपास असतो. करड्या रंगाचे जनावर धावत्या गाडीतून ओळखू येण्यासाठी निदान ३ ते ५ लक्स धरावेत, म्हणजे दुपदरी रस्त्यासाठी जोडीला मिळून ४०,००० आणि चौपदरीच्या १५० मीटरसाठी ९०,००० कँडेला, असा अंदाज निघतो. यात हेडलाइटच्या अप्परचा वाटाही धरायचा असल्याने जादा दिव्यांची प्रत्यक्ष गरज याहून कमी असते. काही उत्पादक कँडेला देण्याऐवजी १ लक्स किती मीटरवर मिळतो ते छापतात. तो आकडा निम्मा करावा, म्हणजे ४ लक्सचे अंतर मिळते आणि तेच खरे उपयोगाचे.

डब्यावरच्या वॅटवर विश्वास ठेवण्याआधी दुकानातच एक परीक्षा घ्यावी. काउंटरवरच्या १२ व्होल्टच्या बॅटरीला दिवा जोडायला सांगून मध्ये अँपिअरमीटर लावावा. डब्यावर १८० वॅट लिहिलेले असून काटा ३ अँपिअरवर थांबत असेल, तर तो दिवा ३६ वॅटचा आहे. ३६ वॅटचा असणे हा काही त्याचा दोष नव्हे. चांगल्या भिंगाचा ३६ वॅटचा दिवा भिंग नसलेल्या शंभर वॅटच्या पट्टीपेक्षा दूरचे जास्त दाखवतो. पण जो आकड्यात खोटे बोलतो, त्याच्या जलरोधकपणाच्या दाव्यावरही विश्वास ठेवू नये.

मग काचेवरची अक्षरे वाचावीत. वर्तुळातील ‘ई’ आणि त्यापुढचा अंक म्हणजे आंतरराष्ट्रीय नियमांनुसार मंजुरी देणाऱ्या देशाची खूण. हॅलोजन दिव्यावर ‘एचआर’ असेल तर तो लांब झोताचा, ‘एचसी’ असेल तर डिपरचा, आणि ‘बी’ किंवा ‘एफ३’ असेल तर तो पुढचा फॉग लॅम्प. भारतीय मानकांप्रमाणे तपासलेल्या दिव्याच्या कागदपत्रांत एआयएस मानकाचा क्रमांक आणि तपासणी संस्थेचे नाव, उदाहरणार्थ पुण्याच्या एआरएआयचे, असते. काहीच खूण नसलेला दिवा स्वस्त असला तरी परत ठेवावा.

रंगाबद्दल बरेच गैरसमज आहेत. ४,००० ते ५,००० केल्विनचा (केल्विन हे प्रकाशाच्या रंगछटेचे माप) पांढरा प्रकाश करड्या-तपकिरी जनावरांसाठी उत्तम. ६,००० च्या पुढचा निळसर प्रकाश दुकानात डोळ्यांना तेजस्वी वाटतो, पण धुक्यात आणि पावसात चालकाच्याच डोळ्यांवर परततो. पिवळा प्रकाश धुके भेदतो, हे सर्रास सांगितले जाते. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा कितीतरी मोठे असल्याने रंगाने भेदण्यात फरक पडत नाही. तरीही पिवळा दिवा अनेकांच्या डोळ्यांना कमी बोचतो, आणि तेवढ्यासाठी तो घ्यायला हरकत नाही. धुक्यात खरा फरक पडतो तो झोताच्या सपाट वरच्या कडेने आणि दिवा खाली बसवल्याने.

एकच जोडी घेण्याइतके पैसे असतील, तर कोणती घ्यावी, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. उत्तर मार्गावर अवलंबून आहे. दुपदरी रस्त्यावर समोरून सतत गाड्या येत असतील, तर लांब झोताचे दिवे निम्म्याहून अधिक वेळ बंदच ठेवावे लागतात. तेथे खाली बसवलेली, रुंद झोताची आणि वरची कड कापलेली फॉग लॅम्पची जोडी जास्त उपयोगी, कारण ती डिपरसोबत चालू राहून दोन्ही कडांच्या नाल्या उजळते. मध्यरात्रीनंतर रिकाम्या रस्त्यांवर किंवा दुभाजकावर दाट झाडी असलेल्या चौपदरीवर ज्याची गाडी जास्त चालते, त्याने लांब झोताची जोडी घ्यावी, मात्र तिचाही आडवा पसर निदान २० अंशांचा असावा. काट्यासारखा बारीक झोत रस्त्याच्या मधोमध खांब उभा केल्यासारखा दिसतो आणि कडेला अंधार आणखी गडद करतो.

बांधणीच्या बाबतीत ॲल्युमिनियमचे जाड पंखे असलेले आवरण, आयपी६७ (धूळ-पाणी आत न जाण्याची प्रत) किंवा त्यावरचे जलरोधन, दाब समान ठेवणारी श्वासछिद्रे आणि लोखंडी पट्टीऐवजी दोन बोल्टांची जाड पकड पाहावी. ट्रकसाठी ९ ते ३२ व्होल्टचा दिवा घेतला, तर तो १२ आणि २४ अशा दोन्ही गाड्यांत चालतो.

बसवण्याची जागा

फॉग लॅम्प बंपरमध्ये, हेडलाइटच्या खाली आणि गाडीच्या बाहेरच्या कडांच्या जवळ असावेत. लांब झोताची जोडी हेडलाइटच्या उंचीवर किंवा किंचित खाली, मध्यापासून दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर बसवावी. रेडिएटरच्या जाळीसमोर मोठे दिवे लावले, तर हवा अडते आणि घाटात इंजिन तापते. भेरूघाटाच्या चढावर हे लगेच कळते. पकड थेट चासीला जोडलेल्या भागावर असावी. पातळ पत्र्यावर बसवलेला दिवा थरथरतो, आणि थरथरणाऱ्या झोतात जनावराची हालचाल वेगळी ओळखू येत नाही.

वायरिंग

हा भाग मिस्त्रीवर सोपवला तरी शेजारी उभे राहून करून घ्यावा, कारण गाडीला आग लागण्याची शक्यता येथेच असते. बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतराच्या आत फ्यूज असावा. १२ व्होल्टवर ६० वॅटचे दोन दिवे १० अँपिअर घेतात, त्यासाठी १५ अँपिअरचा फ्यूज. २४ व्होल्टवर तेच दिवे ५ अँपिअर घेतात, तेथे साडेसात अँपिअरचा पुरतो. १० अँपिअरसाठी जाण्या-येण्याची मिळून ८ मीटर तांब्याची वायर दीड चौरस मिलिमीटरची वापरली, तर जवळजवळ एक व्होल्ट वायरमध्येच जातो. अडीच चौरसची वापरली, तर अर्ध्या व्होल्टच्या थोडे वर. अडीचच्या खाली जाऊ नये.

रिले म्हणजे लहान प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा विजेचा स्विच. त्याच्या ३० क्रमांकाच्या पिनला फ्यूजमधून आलेली वायर, ८७ ला दिव्याकडे जाणारी, ८५ ला अर्थ आणि ८६ ला डॅशबोर्डवरच्या स्विचमधून येणारी अप्परची वायर, अशी जोडणी लांब झोताच्या दिव्यांसाठी करावी. यामुळे अप्पर आणि स्विच दोन्ही चालू असतील तेव्हाच दिवे लागतात आणि डिपर मारताक्षणी आपोआप विझतात. संपूर्ण कामातील ही सर्वांत महत्त्वाची वायर आहे. समोरून गाडी आल्यावर एक हात स्टिअरिंगवर ठेवून दुसऱ्या हाताने वेगळे बटण शोधायचे, असे कोणताही चालक रात्रभर करत नाही. तो दिवे तसेच ठेवतो. काही गाड्यांत हेडलाइटचे नियंत्रण धन बाजूऐवजी अर्थच्या बाजूने असते, म्हणून जोडण्याआधी मल्टीमीटरने खात्री करावी. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस६ गाड्यांमध्ये हेडलाइटची मूळ वायर कापून जोड देऊ नये. त्यांतील इलेक्ट्रॉनिक नियंत्रक असा जोड बिघाड समजू शकतो आणि वॉरंटीचाही वाद होतो. शक्य असेल तेथे कंपनीचाच तयार हार्नेस (वायरींचा जुडगा) घ्यावा.

२४ व्होल्टच्या ट्रकमध्ये १२ व्होल्टचे स्वस्त दिवे दोनपैकी एकाच बॅटरीवर जोडण्याची पद्धत सर्रास दिसते. त्यामुळे एक बॅटरी सतत उपाशी आणि दुसरी सतत जास्त चार्ज होत राहते, आणि काही महिन्यांत दोन्ही जातात. दिव्यांत वाचवलेल्या पैशांच्या कितीतरी पट पैसे बॅटऱ्यांवर जातात. जोड पिळून टेप गुंडाळण्याऐवजी थिंबल दाबून त्यावर उष्णतेने आकसणारी नळी चढवावी आणि वायर इंजिनाच्या गरम भागांपासून दूर, नालीदार नळीतून न्यावी.

झोत लावणे

यासाठी सपाट जागा आणि भिंत हवी. इंदूरच्या पालद्याच्या गोदामांच्या आवारात रात्री आठ-नऊनंतर दोन्ही मिळतात. टायरमधील हवा नेहमीची, टाकी अर्धी भरलेली आणि गाडीत नेहमीएवढा माल असावा. गाडी भिंतीपासून १० मीटरवर सरळ उभी करावी आणि प्रत्येक दिव्याच्या मध्याची उंची व गाडीचा मध्य भिंतीवर खडूने आखावा. एक दिवा झाकून दुसरा पाहावा. लांब झोताचा सर्वांत तेजस्वी भाग दिव्याच्या उंचीपेक्षा ५ सेंटिमीटर खाली यावा. दिवा जमिनीपासून ८० सेंटिमीटरवर असेल, तर अशा झोताचा मध्य १६० मीटरवर रस्त्याला टेकतो. १० सेंटिमीटर खाली ठेवला, तर ८० मीटरवरच टेकतो. फॉग लॅम्पची वरची कड दिव्याच्या उंचीपेक्षा २० सेंटिमीटर खाली असावी.

मालाचा प्रश्न येथे फार मोठा आहे आणि त्याकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. दोन चाकांच्या आसांमधले अंतर ३ मीटर असलेल्या पिकअपचा मागचा भाग मालामुळे ६ सेंटिमीटर दबला, तर झोत १० मीटरवर २० सेंटिमीटर वर उचलला जातो. म्हणजे रिकाम्या गाडीत नीट लावलेले दिवे चोइथराम मंडीतून कांदा भरून निघाल्यावर झाडांच्या शेंड्यांवर आणि समोरच्यांच्या डोळ्यांत पडतात. म्हणून झोत भरलेल्या गाडीत लावावा आणि रिकामी असताना तो किती खाली जातो ते पाहून ठेवावे. हेडलाइटची पातळी बदलणारी चकती केबिनमध्ये असेल, तर मालाप्रमाणे ती फिरवण्याची सवय करावी. जादा दिवे तिच्याबरोबर हलत नाहीत, हे विसरू नये.

डावीकडचा दिवा सरळ रेषेपासून २ अंश बाहेर, म्हणजे भिंतीवर सुमारे ३५ सेंटिमीटर डावीकडे वळवावा. आपल्या बाजूची कड सर्वांत जवळ असते आणि तेथून निघालेल्या जनावराला आपल्या मार्गात यायला दोन उड्या पुरतात.

भिंतीवर जुळले तरी रस्त्यावरची परीक्षा बाकी राहते. रहदारी नसलेल्या गावरस्त्यावर बांबूला काळी-करडी घोंगडी बांधून ती कडेच्या गवतात सव्वा मीटर उंचीवर उभी करावी आणि ७०, १०० व १५० मीटरवर फूटटेपने खुणा कराव्यात. मग चालकाच्या जागेवरूनच, एकदा डिपरवर, एकदा अप्परवर आणि एकदा सर्व दिव्यांसह, घोंगडी कोणत्या खुणेवरून ओळखू येते ते नोंदवावे. गाडीच्या बाहेर उभे राहून पाहिल्यास उत्तर चुकीचे येते. गाडीच्या पुढचा पहिला १५-२० मीटरचा पट्टा फार उजळ दिसत असेल, तर फॉग लॅम्प आणखी खाली करावेत किंवा कमी वॅटचे घ्यावेत, कारण जवळच्या लख्ख प्रकाशाने बाहुल्या आकसतात आणि दूरचे मंद दिसणे बंद होते. अनेक चालक याच उजेडाला ‘मस्त लाइट’ म्हणतात. घोंगडीची परीक्षा घेतली की त्यांचे मत बदलते.

रस्त्यावर वापरताना

समोरची गाडी दिसली की डिपर लगेच मारावा आणि त्याबरोबर वेगही उतरवावा, कारण आता पुन्हा ५० मीटरच दिसत आहे. ती गाडी निघून गेल्यावरही डोळे सावरायला काही सेकंद जातात. त्या काही सेकंदांत वेग वाढवू नये. पुढे चाललेल्या गाडीच्या मागेही लांब झोत बंदच असावा.

रब्बीत, विशेषतः डिसेंबर ते फेब्रुवारी, शेतकरी रात्री पिकांची राखण करतात आणि हातातल्या बॅटऱ्या (टॉर्च) व फटाक्यांनी हाकललेले कळप धावत रस्त्यावर येतात. शेतात बॅटरी फिरताना दिसली, की हेडलाइटमध्ये काही दिसण्याची वाट न पाहता ४० वर यावे. एक रोजडा रस्ता ओलांडून गेला, तर त्याच्या मागचे अजून यायचे आहेत असेच समजावे. जनावर दिव्यात खिळून उभे राहिले, तर सरळ रेषेत जोराने ब्रेक दाबावा, वेग उतरल्यावर क्षणभर डिपर करून हॉर्न वाजवावा, म्हणजे बहुतेक वेळा ते हलते. स्टिअरिंग झटक्याने वळवणे सर्वांत घातक. भरलेली गाडी त्यात उलटते किंवा समोरच्या मार्गात जाते.

देखभाल

प्रत्येक रात्री निघण्यापूर्वी दिव्यांच्या काचा ओल्या कापडाने पुसाव्यात. मळणीच्या दिवसांत भुशाचा थर आणि पावसाळ्यात किडे एका फेरीतच काच झाकतात. महिन्यातून एकदा पकडीचे बोल्ट आवळावेत आणि १० मीटरवरच्या भिंतीवर झोत पुन्हा पाहावा. कमानपाट्यांचे काम केले, टायरचा आकार बदलला किंवा बंपर कुठे घासला, तर महिना होण्याची वाट न पाहता त्याच संध्याकाळी पाहावा. दिव्याच्या आत ओल दिसली, तर काच उघडून सिलिकॉन लावण्याऐवजी आधी श्वासछिद्रे मोकळी करावीत; बहुधा तीच चिखलाने बुजलेली असतात.